हकीकत मैनाबाई लोहगायिकेची, ओठ मिटले ते समयींची

श्रीहरीचे पायीं मस्तक ठेवून आरंभ करितो. भाविकहो, जवळ सरकून बसावे, कान इकडे द्यावे. एका गळ्याची हकीकत सांगणे आहे.

शके १९१७, युवानाम संवत्सरीं, एके राज्यांत मैनाबाई गुरव उदयास आल्या. वडील कीर्तनकार, घरीं अष्टौप्रहर हरिनाम. ते समयीं राज्यांत इंडस्ट्रियल रॉक म्हणोन नवे गाणे आले. पत्रे, पिंपे घणाने बडवावी, विजेच्या गिटारींनी गर्जावे आणि त्या कल्लोळावर मनुष्याचा गळा चढवावा, ऐसी त्याची रीत. हे गाणे वाजविणाऱ्या एका फौजेचे सरदार दादासाहेब भिसे, खासा गिटार धरीत. त्यांनी बाईंस पाचारिले. भाऊबंद हसोन बोलिले, "कीर्तनकाराची लेक आता भंगारात गाणार!" बाई बोलिल्या, "नारदमुनी तिन्ही लोक हिंडले, त्यांनी जागा बघून वीणा काढली होती काय?" मग बाई गाइल्या, आणि घणांच्या वर त्यांचा सूर ऐसा उठे की पोरे उभ्याउभ्या रडत, आणि मुलुखामागून मुलूख सर जाहले.

पुढे बहुत वर्षांनी गळा खरवडला. डॉक्टर बोलिले, "आता जोराने गाल तर आवाज कायमचा जाईल." इकडे बंद पडल्या कारखान्याचे आवारांत मोठा जलसा नेमला होता. भिशांनी मसलत केली की जुने ध्वनिमुद्रित गाणे यंत्राने लावावे. "बाई, नुसते ओठ हलवा. बाकी यंत्र बघून घेईल."

"देवापुढे ओठ हलवायचे, दादा?"

"देव कुठला इथे? पोरे आहेत."

"पोरांतच तो बसतो हो!"

"आणि तुमचा गळा गेला तर पुढे गाणार कोण? माझी गिटार?"

गळ्याच्या भयाने बाई कबूल जाहल्या. जलसा उभा राहिला, घण पडू लागले, यंत्र गाऊ लागले आणि बाई ओठ हलवू लागल्या, लोक भुलले. तों पिंपे बडविणाऱ्या रामजीची आई काशीआत्या, जन्मभर कीर्तने ऐकलेली बाई, बुक्क्याची डबी घेऊन थेट मंचावर चढली. कीर्तनांत बुवांस बुक्का लावितात, बुवा गाणे थांबवून हात जोडितात, ऐसी चाल. आत्येने बुक्का लाविला, आणि मैनाबाईंनी जन्माच्या सवयीने ओठ मिटले, हात जोडिले, वाकल्या. आणि गाणे चालूच राहिले!

आत्या बाईंच्या तोंडाकडे पाहातच राहिली. म्हणाली, "अगं बये, तू तर गप हायस. मग गातंय कोन?"

तें बाईंपुढल्या माइकांतून भोंग्यांवर आणि सर्व आवारांत गेले. कोणी हसले, कोणी शिव्या दिल्या, बाटल्या आल्या. भिसे कानाशी येऊन बोलिले, "ओठ हलवा, बाई, हलवा लवकर!" बाईंनी नाही म्हणोन मान हलविली, यंत्र बंद करविले, आणि लोकांपुढे बोलिल्या, "चुकले मी. गळा जाईल म्हणून भ्याले. आता आहे तो घ्या." मग रामजीने घण उचलिला आणि बाई गाइल्या. सूर फाटला, चिरकला, लोखंडावर लोखंड घासावे तैसा जाहला, आणि आवार चिडीचूप जाहले. शेवटचे अक्षरीं नुसता श्वास निघाला. आत्येने दुसऱ्यांदा बुक्का लाविला. बाई हात जोडून उभ्या राहिल्या, आणि यावेळीं खरेच सर्व शांत होते.

त्यानंतर बाईंस बोलणेही कुजबुजीनेच जाहले. खेद केला ऐसे कोणी ऐकिले नाही. गाण्याचे राज्य मोठे जाहले, एका गळ्यावर जाहले, आणि तो गळा सत्यापायीं खर्चिला, इतकी ही हकीकत. भाविकहो, कोणी आपल्या गळ्याने गाताना चिरकला तर हसू नये, मैनाबाईंस आठवावे.