अनशीमावशीच्या गळ्याची वानगी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, अक्षरही ओळीवर बसणार नाही. ते पोटात घाला. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून शेजारच्या अनशीमावशीबद्दल लिहूनच ठेवते.

मावशी लग्नाला जाते तेव्हाही पिशवीत लोखंडी नळी घेऊन जाते. टोकाला निमुळती, आतून पोकळ. तांदळाच्या पोत्यात खुपसली की पोतं न उसवता आतले दाणे हातावर येतात. त्या दाण्यांना वानगी म्हणतात. मावशी कामशेतच्या बाजारात तांदळाचा व्यापार करते. पवना नदीकाठच्या शेतकऱ्यांकडून घेते, लोणावळ्याच्या हॉटेलांना देते. परंदवडीच्या एका लग्नात आचारी नुसता म्हणाला, "एक नंबर इंद्रायणी हाय." मावशीनं लगेच नळी खुपसली, दाणा चावला आणि सगळ्या मांडवाला ऐकवलं, "वर इंद्रायणी, खाली रेशनचा!" नवरीचा बाप दिवसभर तोंड लपवत हिंडत होता.

"वरचं दानं सजवल्यालं असत्यात," हे तिचं ठरलेलं वाक्य. तांदळाला लावते तसं नव्या सुनांनाही लावते. काढलेली वानगी ती पोत्यात परत टाकत नाही, स्वतःच्या पिशवीत टाकते. त्यामुळे तिच्या घरी पाच-सहा जातींचा भात एकाच पातेल्यात शिजतो. थोडा गिच्च, थोडा कच्चा. एकटीच खाते आणि चांगला झालाय म्हणते.

गेल्या हिवाळ्यात तिच्या गळ्याला पुढून सुपारीएवढी गाठ दिसायला लागली. घोट गिळला की वरखाली व्हायची. मी बोट दाखवलं तर म्हणाली, "थंडीनं आलीया." थंडी गेली, गाठ राहिली. शेवटी मी तिला लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. थायरॉइडची गाठ होती. बाई म्हणाल्या, "अशा बहुतेक गाठी साध्या असतात, पण सगळ्याच नसतात. ही कुठली ते बाहेरून कळत नाही. सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुई घालून आतलं थोडं काढू आणि तपासू."

मावशी उठलीच. "गाठीला सुई लागली की ती पसरती. एकदा पसरली की मानूस गेलंच!"

"मावशी, सुई अगदी बारीक असते. पसरायची भीती धरू नका. न तपासता ठेवण्यातच धोका जास्त," बाई सांगत होत्या.

तोपर्यंत मावशी माझा हात धरून दाराबाहेर पडली होती.

पुढे कितीतरी दिवस तिनं विषय काढू दिला नाही. मग एकदा बाजारात एक शेतकरी तिच्याशी भांडायला लागला. "मावशे, भोकं पाडू नगं. पोतं फाटंल, समदा तांदूळ सांडंल."

"आरं, माज्या नळीनं आजपतुर कुनाचं पोतं फाटलंय? नळी काढली की भोक आपसूक मिटतं."

मी मागे उभी होते. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग सुईनं तरी कसं फाटंल, मावशी?"

शेतकरी फिसकन हसला. मावशीनं नळी पुसून पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवं लुगडं नेसून माझ्या दारात हजर.

दवाखान्यात पैसे भरायच्या खिडकीशी ती म्हणाली, "आत्ता माज्यापाशी न्हाईत. तू भर." मला नवल वाटलं. तिनं कधी वाटीभर साखरही उसनी घेतलेली नव्हती. चिक्कीच्या कारखान्यात पुड्या भरून मी जमवलेले पैसे होते, ते भरले.

आत तिला उताणी निजवली, खांद्याखाली उशी दिली, गळ्यावर थंड जेल लावलं. "बोलायचं नाही, गिळायचं नाही," बाई म्हणाल्या. पडद्यावर राखाडी गाठ दिसत होती. तिच्यात सुईची पांढरी रेघ हळूहळू शिरली. सुई बाहेर आल्याबरोबर मावशी बोलली, "ह्ये वरवरचं झालं. मधनं घ्या, खालनंबी घ्या."

"तेच करणार आहे. दोन-तीन जागांहून घ्यावंच लागतं. पण आता तुम्ही गप्प बसा."

आणि अनशीमावशी गप्प बसली! बाईंनी काढलेलं काचेच्या पट्ट्यांवर पसरलं. कापूस दाबून धरत मावशीनं विचारलं, "माजी वानगी परत मिळायची न्हाई व्हय?"

"नाही."

"आमच्यातबी देत न्हाईत," ती समाधानानं म्हणाली.

रिपोर्ट यायला काही दिवस होते. त्या दिवसांत ती बाजारात गेलीच नाही. कामावरून येताना मी डोकावले की विचारायची, "पैसं मागाया आलीस?" मी नाही म्हणून मान हलवायची. "मंग बस," म्हणून ती तो सरमिसळ भात माझ्यापुढे ठेवायची. स्वतः जेवत नव्हती.

रिपोर्ट आला. गाठ साधी होती, कॅन्सर नव्हता. काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची, एवढंच. बाहेर आल्यावर मावशीनं कमरेचा बटवा सोडला आणि नोटांची घडी माझ्या हातावर ठेवली. घडी जुनी होती, सहज उलगडेना.

"पैसं व्हतं तुज्यापाशी?"

"व्हतं की. पैल्या दिसापासनं."

"मंग?"

ती रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत म्हणाली, "वाईट निगालं असतं तर माज्या दारात कोन आलं असतं गं? मालक गेलं, लेकरू न्हाई. तू आशी लाजरी. म्हनलं, पैशापायी तरी यशील."

मी हातातल्या घडीकडे बघत होते.

"बगतीस काय? मोज," ती खेकसली.

मी भर रस्त्यात मोजले. पूर्ण होते.