तीस पावलांचा गोल

मंडळी, बढाई म्हणून सांगत नाही, पण बावीस वर्षं मी चष्म्याचं दुकान चालवतो आहे आणि आजवर माझ्या हातून एकाही माणसाचा नंबर चुकलेला नाही. समोरच्या फुटपाथवर गेल्या वर्षी दुसरं दुकान निघालं. तिथे म्हणे यंत्र आहे. हनुवटी टेकवली की नंबर छापून बाहेर. येऊ दे. मी भिंग घालतो, "आता बरं, की मघाशी बरं?" असं विचारतो आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघतो. चेहऱ्यावर नंबर दिसतो मला!

तर ज्याला परक्या माणसाच्या डोळ्यांतलं कळतं, त्याला आपल्या घरातलं भांडण मिटवणं काय जड?

भांडण होतं आमचे अण्णा आणि आमची लेक यांचं. अण्णा म्हणजे माझे सासरे, आमच्याकडेच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. लेक सतरा वर्षांची, स्वतः कॉलेजच्या संघात खेळते. दोघांनाही आपल्या शहराच्या फुटबॉल क्लबचं वेड. ती सात वर्षांची असल्यापासून दर शनिवारी आजोबा आणि नात मैदानावर जातात. वरच्या स्टँडमध्ये अगदी शेवटच्या रांगेत त्यांच्या दोन खुर्च्या ठरलेल्या. दोघांचे पास एकाच पाकिटात, आणि पाकीट अण्णांच्या कोटाच्या आतल्या खिशात.

मला फुटबॉलमधलं इतकंच कळतं की बावीस जण पळतात आणि अण्णा उठून उभे राहतात. मी आपला कीर्तनाचा माणूस. दुकानात काचा घासताना मोबाइलवर बुवा लावलेले असतात. निरूपण चालू, काच चालू.

लेकीचा देव म्हणजे हल्लीचा खेळाडू, त्याला सगळे 'भिंगरी' म्हणतात. अण्णांचा देव 'पोस्टमन'. तो खरोखरच आधी टपाल वाटायचा, मग क्लबकडून खेळला आणि नदीपलीकडच्या संघाविरुद्ध अंतिम सामन्यात त्याने तीस पावलांवरून गोल मारला. ती गोष्ट मी लग्नात ऐकली, बारशाला ऐकली आणि माझ्या दाताचं ऑपरेशन झालं तेव्हा उत्तर देता येत नसल्यामुळे तीनदा ऐकली.

"भिंगरी काय पोस्टमनच्या पासंगाला पुरणार!" अण्णा जेवताना म्हणाले. "नुसता पळतो. चेंडू कुठे असतो त्याच्या पायाशी? मला तर कधी दिसला नाही."

"आजोबा, त्याच्या डाव्या पायाला चेंडू चिकटलेला असतो."

"डावा? तो उजव्या पायाने मारतो."

"डाव्या!"

"मी साठ वर्षं फुटबॉल बघतोय."

"मग नीट बघत नाही तुम्ही. आणि तीस पावलांवरून तेव्हाच्या त्या जड चेंडूने गोल होतच नाही. आमच्या सरांना विचारलं मी. तुम्ही वाढवून सांगता."

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. उठले, कोटातून पाकीट काढलं, तिचा पास तिच्या ताटाशेजारी ठेवला आणि आपला पास टेबलाच्या खणात टाकला. "यापुढे तू मैत्रिणींबरोबर जा. म्हातारा वाढवून सांगतो."

तीन शनिवार गेले. पोरगी एकटी गेली आणि मध्यंतरालाच परत आली. अण्णा गॅलरीत बसून, वारा अनुकूल असला तर मैदानावरचा गलका ऐकू येतो का बघायचे. कोणी कोणाशी बोलेना. मीठ मागायचं तरी माझ्या मार्फत.

"तुम्ही मध्ये पडू नका," बायको म्हणाली.

"पडत नाही. फक्त मिटवतो," मी म्हणालो.

आणि योगही असा, की क्लबचे हेडक्लार्क माझं गिऱ्हाईक. दांडी बसवून घ्यायला आले असताना सहज बोलून गेले की क्लबच्या जुन्या फिल्म आता पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत. मी खुर्चीतून उठलो. पोस्टमनचा गोल? आहे. तीस पावलं दिसतील? दिसतील की, आखलेलं मैदान आहे.

झालं! मी घरी येऊन जाहीर केलं, रविवारी चार वाजता आपल्या टीव्हीवर प्रत्यक्ष पुरावा. जो हरेल त्याने माफी मागायची आणि पुढच्या शनिवारपासून दोघांनी बरोबर जायचं. अण्णांनी लगेच आपल्या दोस्ताला, बेकरीवाल्या काकांना, फोन केला. लेक म्हणाली, "चालेल." मला वाटलं, आपण तर कीर्तनाचा निम्मा उत्तररंग आजच गायला.

शनिवारी दुपारी हेडक्लार्क चष्मा न्यायला आले आणि त्यांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर मला तो गोल दाखवला.

मंडळी, चिखल. चिखलात पंधरा-सोळा जणांचा ढीग. ढिगातून चेंडू निसटतो आणि तिथे नुकता घसरून पडलेला, उठू पाहणारा पोस्टमन, त्याच्या गुडघ्यावर आपटतो आणि आत जातो. अंतर? मी तीनदा मोजलं. दोन पावलं. पावलं मोठी असतील तर दीड.

"छान आहे ना?" हेडक्लार्क म्हणाले. "उद्या मी स्वतःच घेऊन येतो. क्लबचा माल आहे, असा देता येत नाही."

मागे मोबाइलवर बुवा आख्यान सांगत होते. तेच आख्यान बुवा दर वर्षी सांगतात. दर वर्षी त्यातली नदी जरा रुंद होते, पूर जरा चढतो, नाव जरा जास्त डोलते. आजवर एकही श्रोता मापाची टेप घेऊन उठलेला नाही. उलट नदी जितकी रुंद, तितका पलीकडे पोचल्याचा आनंद मोठा. आणि मी मात्र घरच्या म्हाताऱ्याच्या नदीवर टेप धरायला निघालो होतो, तेही चारचौघांना बोलावून.

घरी बायकोला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मी काय म्हणाले होते?"

"आता काय करू?"

"निस्तरा."

तेवढ्यात मला आठवलं की अण्णांचा चष्मा दुकानात आहे. नाकावरचं पॅड निखळलं म्हणून सकाळीच दिला होता. आणि त्याच मापाच्या फ्रेममध्ये, खणात पडून होता एका शिलाई करणाऱ्या बाईंचा, न नेलेला चष्मा. सुईत दोरा ओवायचा. त्यातून हातातली सुई मुसळासारखी दिसते आणि खोलीपलीकडचं सगळं म्हणजे धुक्यात धूर.

हे पाप आहे हे मला माहीत होतं. एका तासाचं आहे, असं मी देवाला सांगितलं. मग दुकानात परत गेलो. मी काचा बदलल्या.

रविवारी अण्णांनी चष्मा घातला आणि भिंतीकडे पाहिलं.

"जावईबापू, सगळं धूसर दिसतंय हो."

"काचा साफ केल्यात अण्णा. सवय व्हायला वेळ लागतो." हे वाक्य आमच्या धंद्यात दिवसातून दहा वेळा म्हणावं लागतं.

पावणेचारला अण्णा दरवाज्याशी गेले आणि खुंटीवरच्या माझ्या रेनकोटला म्हणाले, "ये रे, ये. बस. असा उभा का?" रेनकोट उभाच राहिला. "अजून तू गेल्या महिन्यातलं मनात धरून बसलास? बरं बाबा, चूक माझी." रेनकोट काही बोलेना तेव्हा अण्णा फणकारले, "राहा मग तसाच," आणि आत आले. बेकरीवाले काका दहा मिनिटांनी आले तेव्हा अण्णा त्यांच्याशी बोलेनात. काकांना कळेना, आपण आल्या आल्या काय केलं!

मग आले हेडक्लार्क. अण्णांना वाटलं, शेजारचे कंपाउंडर. त्यांनी हेडक्लार्कच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाले, "बरं झालं आलात. आत्ता तो क्लबचा हेडक्लार्क येणार आहे. माणूस एक नंबरचा खडूस. पासवर शिक्का मारायला तीन तास लावतो आणि जांभया देतो. पण आज जरा गोड बोलू, फिल्म त्याच्याकडे आहे."

हेडक्लार्कनी पेनड्राइव्ह खिशात घातला. "मी निघतो," ते म्हणाले.

मंडळी, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात कारंजं उडालं. "हो हो, निघा, तुम्हाला उशीर होत असेल," मी दारही उघडलं. पण बायको आडवी आली, बेकरीवाल्या काकांनी आपल्याच आणलेल्या केकचा मोठा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि केकने घात केला. हेडक्लार्क बसले.

तेव्हा अण्णा हळू आवाजात म्हणाले, "हे... हे साहेब स्वतः होते?"

"हो अण्णा."

ते खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, घातला. हात समोर धरून बोटं बघितली, मग टीव्हीकडे बघितलं. आणि लेकीला हाक मारली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"बेटा, इकडे ये. कोणाला सांगू नकोस. मला दूरचं दिसेनासं झालंय. माझ्या आईचंही असंच झालं होतं. आधी दूरचं गेलं, मग सगळंच."

खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. लेक पांढरीफटक पडली. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "आपण आत्ता डॉक्टरकडे जाऊ. बाबा, रिक्षा आणा."

माझा हात शर्टाच्या खिशातल्या दुसऱ्या चष्म्याकडे गेला.

"जाऊ," अण्णा म्हणाले. "पण आधी गोल. एवढी माणसं आली आहेत. मला दिसणार नाही, तू सांग. तुला खेळ कळतो. जसं दिसेल तसं सांग."

फिल्म सुरू झाली. चिखल आला. ढीग आला. लेक त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून सांगत होती, "पाऊस आहे आजोबा... आपले दहाच जण दिसतायत... चेंडू आपल्याकडे आलाय..." आणि मग चेंडू गुडघ्यावर आपटला.

ती थांबली. तिने पडद्याकडे पाहिलं. मग आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते डोळे मिटून, मान किंचित पुढे करून ऐकत होते.

"मारला," ती म्हणाली. "लांबून मारला आजोबा. गोलकीपर जागेवरच उभा."

"किती लांबून?"

"तीस..." तिने त्यांचा हात घट्ट धरला. "तीस नाही. पस्तीस पावलं असतील."

बेकरीवाले काका केक चावायचे थांबले. आणि मला काही राहवेना. मी भर खोलीत अण्णांच्या पायाशी बसलो, शर्टाच्या खिशातून त्यांच्या खऱ्या काचा बसवलेला चष्मा काढला आणि सगळं सांगून टाकलं. शिलाईवाल्या बाई, सुई, दोरा, सगळं. तुमचे डोळे शाबूत आहेत अण्णा, अक्कल माझी गेली.

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की मैदानावर तिच्या शेजारच्या खुर्चीचा पास कोणी मला दिला असता तरी मी घेतला नसता. बायकोने कपाळाला हात लावला. अण्णांनी चष्मा बदलला.

"साहेब," ते हेडक्लार्कना म्हणाले, "तेवढं पुन्हा लावता का? आणि मघाचं मनावर घेऊ नका."

पुन्हा चिखल. पुन्हा ढीग. गुडघा. दोन पावलं.

अण्णा हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले.

"अरे, मला माहीत आहे. मी त्याच गोलच्या मागे उभा होतो. चिखल माझ्या तोंडावर उडाला."

"मग तीस पावलं?" लेकीने विचारलं.

अण्णांनी माझ्या बायकोकडे बोट केलं. "ही पाच वर्षांची. गोवर आला होता. आठ दिवस डोळे मिटून पडून होती, सामन्याला न्यायचं कबूल केलं होतं ते राहिलं. मी घरी गेलो तर हिने विचारलं, अण्णा, किती लांबून मारला? आता तापलेल्या पोरीला काय सांगू, दोन पावलं, गुडघ्याने? म्हटलं, तीस. तर ही उठून बसली. म्हणाली, मला दाखवा तीस म्हणजे किती. मी खोलीत तीस पावलं चाललो. खोली लहान, तीनदा वळावं लागलं. ही मोजत होती." ते चष्मा वर करून डोळे पुसू लागले. "एकदा तीस सांगितल्यावर मग खाली कसं यायचं?"

बायको स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

"आजोबा," लेक म्हणाली, "मी पस्तीस म्हणाले."

"ऐकलं मी. आता पस्तीसच."

त्याच संध्याकाळी टेबलाच्या खणातला पास पाकिटात गेला. तिचाही. पोस्टमन मोठा की भिंगरी, यावर मात्र अण्णा तसूभर हलले नाहीत. गुडघा असला तरी गोल तो गोल, आणि भिंगरीच्या पायाशी चेंडू दिसत नाही तो नाहीच.

इथवर सगळं गोड झालं. इथे मी थांबलो असतो तर बरं होतं. पण खोटं बोलून एकदा पस्तावलोय, म्हणून पुढचंही सांगतो.

सोमवारी अण्णा माझ्या दुकानावरून, मला हात करून, समोरच्या दुकानात गेले. यंत्रावर हनुवटी टेकवली. माझ्यावरचा विश्वास उडाला तर त्यात त्यांची काय चूक? गुरुवारी नवा चष्मा आला. शनिवारी दोघं मैदानावर गेले, पूर्ण वेळ बसले आणि अंधार पडायच्या आत परतले. अण्णा दारातच उभे राहिले. बूटही काढले नव्हते.

"जावईबापू, समोरचे म्हणाले, जुन्या चष्म्याचा दूरचा नंबर चुकलेला होता. पहिल्या दिवसापासून. तो चष्मा कधी केला होता आपण?"

"दोन वर्षं झाली," मी म्हणालो.

"आणि भिंगरी क्लबात येऊन?"

"दोन वर्षं," लेक म्हणाली. ती माझ्याकडेच बघत होती.

"डाव्या पायाने मारतो हो तो," अण्णा हळूच म्हणाले. "फार सुंदर मारतो."