दुधाच्या गाडीचा रंग

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी डॉ. दिनकर रणपिसे यांचं नाव घेतो. आई-वडिलांचे उपकार आहेतच, पण त्यांना निवड नव्हती. रणपिसे सरांनी मला निवडून घरात घेतलं.

त्या घरातल्या पहिल्याच शनिवारी दुपारी तीन वाजता भिंतीपलीकडून सरांचा करडा, वर्गातलाच आवाज आला, "आता ती जिन्यावरून उतरतेय. मोरपंखी झगा. बाह्या कोपरापर्यंत. रागात आहे."

मी पुस्तक मिटलं. घरात आम्ही दोघंच होतो.

सर ॲडलेडला मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल शिकवायचे. मूळचे कराडचे, वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही. मी सांगोल्याचा, आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला. मास्टर्सला आलो आणि सहा महिन्यांत कोविड आला. रेस्टॉरंटमधलं काम गेलं, सोबतची मुलं पांगली, मी एकेकाच्या सोफ्यावर झोपायला लागलो. एकदा ऑनलाइन लेक्चर संपल्यावर सरांनी मला थांबवलं. म्हणाले, "तीन आठवड्यांत तुझ्यामागे चार वेगळ्या भिंती दिसल्या. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. भिंत एकच राहील."

सर कमालीचे काटेकोर. "अंदाजे म्हणजे आळस" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या रिपोर्टात 'अंदाजे बारा मिलिमीटर' दिसलं तेव्हा त्यांनी त्याभोवती लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'मोजायला काय झालं होतं?' चहाचं पाणी मापाच्या भांड्यातून जायचं. ऑस्ट्रेलियात पंचवीस वर्षं काढूनही 'नो वरीज' त्यांना जमलं नाही. शेजारचा कीथ कुंपणावरून "नो वरीज, मेट?" म्हणाला, तर सर खरोखर विचार करायचे आणि सांगायचे, "टू, ॲक्च्युअली." मग त्या दोन्ही काळज्या सविस्तर सांगायचे. कीथ बिचारा पाण्याची नळी हातात धरून ऐकत राहायचा.

असा माणूस दर शनिवारी तीन वाजता एक जुना हॉलिवूडचा प्रेमाचा विनोदी सिनेमा लावायचा आणि तो फोनवरून कराडला आपल्या आईला, आक्कांना, मराठीत सांगायचा. तिकडे तेव्हा सकाळचे अकरा. आक्कांची नजर काचबिंदूने गेली होती. सरांच्या पुतण्याची बायको फोन स्पीकरवर टाकून उशाशी ठेवून द्यायची.

मला ते कळल्यावर मी धीर करून म्हणालो, "सर, सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट आहे. झगा मोरपंखी कशावरून?"

"नव्हता कशावरून?"

"पण म्हणजे अंदाजेच ना, सर?"

"अंदाजे नाही. ठरवलेलं आहे." त्यांनी एक आलेखाची वही पुढे केली. प्रत्येक सिनेमाला एक पान होतं. नायिकेचा कोट: डाळिंबी. नायकाचा टाय: शेवाळी. मावशीची टोपी: जांभळी, पीस पिवळं. झालं होतं असं, की एकदा आक्कांनी त्यांना पकडलं होतं. "दिन्या, मगाशी कोट तांबडा म्हनलास, आता निळा कसा झाला?" आक्कांना दिसत नव्हतं, पण रंग सगळे पाठ होते. तेव्हापासून सर शुक्रवारी सिनेमा एकट्याने पाहून रंग नोंदवून ठेवायचे.

चुंबनाचं भाषांतर सर करत नसत. तिथे घसा साफ करून ते म्हणायचे, "समजूत पटली." एकदा ते दृश्य जरा लांबलं. फोनमधून आक्कांचा आवाज आला, "आज लई येळ समजूत काडतोय रं." मी दारातून डोकावलो, तर सरांचे कान लाल झाले होते. वहीत कोटापुढे लिहिल्यासारखे, डाळिंबी.

हेच सिनेमे का, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, "यात माणसं सतत बोलतात. मारामारी फोनवर सांगता येत नाही, भांडण सांगता येतं." आक्कांचं मत आणखी सरळ होतं. त्या म्हणायच्या, "ती एवढी भांडतीय म्हंजी जीव हाय तिचा त्याच्यावर. नसता तर गप बसली नसती?" मी तेव्हापासून या सिनेमांवर बरंच वाचलंय. इतक्या वर्षांनीही ते का पाहावेसे वाटतात, याचं याहून चांगलं उत्तर मला मिळालेलं नाही. न्यूयॉर्कची श्रीमंत पोरगी आणि कफल्लक बातमीदार कराडच्या खाटेवर पडलेल्या म्हातारीला कळत होते. गोष्ट शेवटी लग्न जमण्याची होती, आणि जमता जमता मोडण्याची.

सिनेमा संपला की आक्का दर वेळी विचारायच्या, "सगळ्यांची जमीवतोस. तुझं कधी?"

"आक्का, गोळी घेतली का?" सर विचारायचे.

पुढच्या वर्षी मेच्या पहिल्या शनिवारी लागलेल्या सिनेमात लग्नाचा प्रसंग आला. नवरी पायऱ्यांवर उभी, आत भलताच नवरदेव वाट पाहतोय. सर म्हणाले, "झगा पांढरा." आक्का खूश झाल्या. "आपल्यासारकाच की. आपल्या बौद्ध लग्नात बी पोरी पांढरंच नेसत्यात." सरही खूश, कारण हा रंग खरा होता. तेवढ्यात खरा नायक कोपऱ्यावरून दुधाची गाडी घेऊन आला.

"दुधाची गाडी? कुठल्या रंगाची?"

सरांनी वही चाळल्याचा आवाज आला. गाडीची नोंद करायची राहून गेली होती. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा पानं उलटली.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "दमले मी. फुडल्या शनवारी सांग ठरवून."

आक्का गुरुवारी गेल्या. कोविडच होता. सीमा बंद, विमानं बंद. सरांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम फोनवर पाहिला, पांढरा शर्ट घालून, खुर्चीत ताठ बसून.

त्या शनिवारी तीन वाजता टीव्ही लागला नाही. सरांनी शेडमधून गवत कापायचं मशीन काढलं आणि लॉन कापलं. पुढच्या शनिवारीही तीनलाच, आणि त्याच्या पुढच्याही. थोड्याच दिवसांत कापायला गवत उरलं नाही, तरी मशीन चालूच. कीथ कुंपणापाशी येऊन म्हणाला, "मेट, आता तू माती कापतोयस." मग जरा थांबून, "नो वरीज?"

सर म्हणाले, "नो वरीज."

मी खिडकीत उभा होतो. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

जुलैत मला मेलबर्नला नोकरी लागली. निघताना त्यांच्या पाया पडलो, पण जे सांगायचं होतं ते तोंडातून निघालं नाही. म्हणून मेलबर्नच्या टार्निट उपनगरातून हे पत्र पाठवलं:

आदरणीय सर,

सा. न. वि. वि. नोकरी ठीक आहे. इथे लॉकडाऊन असल्याने खोलीतूनच काम करतो. माझ्यामागे भिंत एकच असते.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. शनिवारी भिंतीपलीकडून ऐकलेला सिनेमा मी रविवारी माझ्या आईला फोनवर सांगत होतो, तुमच्या वहीतल्या रंगांसकट. ती ब्लाउज शिवता शिवता ऐकायची आणि बाह्या विचारायची. एका झग्याच्या बाह्या तिने गावात दोघींना शिवूनही दिल्या.

दुधाच्या गाडीपर्यंत मी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून दर रविवारी ती विचारते, "त्या पोरीचं फुडं काय झालं? पायरीवरच उभी हाय का अजून?" मला शेवट माहीत नाही. तो सिनेमा मी पाहिला नाही आणि पाहणारही नाही. गाडीचा रंगही विचारते. तो मी सांगू शकलो असतो, पण ते अंदाजे झालं असतं.

सर, तुम्ही ठरवून तिला सांगाल का? शनिवारी अकरा वाजता ती फोनजवळ बसेल. तेवढा वेळ शिलाई मशीन बंद ठेवते म्हणाली. तुम्हीही तुमचं बंद ठेवा.

आपला विद्यार्थी,
संतोष