मागची सीट

दिगूकाकांकडे गेलं की चहाच्या आधी त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून दाखवावं लागायचं. तेही सरळ नाही. "डावा हात, डावा पाय तुझा नाहीच असं समज," ते सांगायचे. "आता पडून दाखव."

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमची घरं समोरासमोर. काका सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. दूधवाला, इस्त्रीवाला, सिलिंडर आणणारा, सगळे त्या सीटवर बसून गेले होते. गाडी अंगणात स्टँडवर. काका पुढं बसून ती गदागदा हलवणार, आणि मागचा माणूस जिकडे कलंडेल तिकडे उतरून खडूनं खूण करणार.

गाडी विजेवरची, नवीकोरी. पण महिनाभरात ओळखू येईना. शोरूममधून आणलेला पाठीचा टेका त्यांनी दुसऱ्या दिवशी परत केला. "हा पोट्ट्यांसाठी आहे," म्हणाले. मग गुढियारीच्या वेल्डरकडून उंच टेका करून घेतला, डावीकडे खुर्चीसारखा हात, पायांखाली रुंद पाटी, कमरेला पट्टा. वेल्डर म्हणाला, "काका, ये गाड़ी है कि सोफा?" काकांनी शांतपणे छातीसाठी आणखी एक पट्टा सांगितला.

हे सगळं सुमनकाकूंसाठी चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. खिडकीजवळच्या खाटेवरून त्या आमची पडापडी पाहायच्या आणि ओठांच्या एकाच कोपऱ्यानं हसायच्या.

मी एकदा विचारलं, "काका, इतकी खटपट काहून? ऑटो करत जा न."

"ऑटोत लय आवाज राहते," ते म्हणाले. "तिचा आवाज आता बारीक झाला. जुन्या फटफटीवर चाळीस वर्षं ती मागून बोलायची. मले एक शब्द ऐकू नाही यायचा. मी नुसता हव, हव म्हणत गेलो." ते गाडीची सीट पुसत राहिले. "हिचा आवाजच नाही. म्हणून घेतली."

एका रविवारी सकाळी मी आणि माझ्या बायकोनं काकूंना उचलून सीटवर बसवलं. दोन्ही पट्टे लावले. मी स्कूटरवर मागोमाग होतो. बुढातालाबापर्यंत जाऊन आलो. वाटेत काकांची मान सारखी थोडीशी मागं वळायची.

काकूंना खाटेवर निजवून ते ओट्यावर येऊन बसले.

"काय बोलल्या काकू?"



"म्हणे, हळू चालवा. मी म्हटलं, हळूच तं चालवून राहिलो. तं म्हणे, हव, आज चालवून राहिले. लग्न झाल्यापासून मी हेच सांगून राहिली. मले भेव वाटे. तुम्ही हव म्हणायचे, अन् आणखी जोरात न्यायचे."

पंधरा दिवसांनी काकूंना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या. गाडीवर पुन्हा बसणं झालंच नाही.

ऑफिसला जाताना नवा रायपूरच्या रस्त्यावर काका मला कधीकधी दिसतात. रस्ता रुंद, मोकळा; सगळे सुसाट जात असतात. काका त्याच गाडीवर डाव्या कडेनं एकटेच चाललेले असतात, इतके हळू की सायकलवालासुद्धा पुढं निघून जातो. कुठं जाता, हे मी विचारलेलं नाही. थोडा वेळ मीही त्यांच्या मागं हळू चालवतो. मग उशीर होतो, म्हणून पुढं जातो.