चौथऱ्यावरचे कासव

एका जंगलात सगळे काही होते, फक्त निसर्ग नव्हता. म्हणजे झाडे होती, ओढा होता, गवत होते. पण ते सगळीकडेच होते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन निसर्ग बघायला जायचे कुठे, असा प्रश्न पडे.

सिंहमहाराजांनी तो सोडवला. त्यांनी जंगलाच्या मधोमध मोठे कुंपण घातले आणि आतल्या भागाला 'राजोद्यान' म्हटले. लगेच गर्दी सुरू झाली. हरणे सहकुटुंब येत, 'हिरवळ खाऊ नये' ही पाटी पाडसांना वाचून दाखवत आणि घरून आणलेले गवत डब्यातून काढून खात. झाडाला लावलेल्या पाटीवरून माकडांना कळले की आपण जन्मभर उंबरावर राहतो आहोत. त्यांना फार अभिमान वाटला.

हसू नका, मुलांनो. तुम्हीही रविवारी हेच करता.

कुंपणाच्या आत एक तळे होते. तळ्यात दोनशे वर्षांचे एक कासव राहत होते. त्याच काठच्या वाळूत ते अंड्यातून बाहेर आले होते. तळे सोडून ते एक रात्रही कुठे राहिले नव्हते.

उद्यान समितीचा चिटणीस कोल्हा एकदा त्याच्याकडे आला.

"कासवआजोबा, निसर्ग झाला, घसरगुंडी झाली. आता इतिहास तेवढा राहिलाय. तुम्हाला काही आठवतं का?"

"आठवतं की," कासव म्हणाले. "आत्ताच्या महाराजांचे आजोबा इथंच चिखलात रुतले होते. पार गळ्यापर्यंत. एका रेड्यानं त्यांना ओढून काढलं. त्यांनी त्याची शेपटी दातांत धरली होती. शेपटी तुटली बिचाऱ्याची, पण महाराज वाचले."

कोल्ह्याने सगळे नीट लिहून घेतले. आठ दिवसांनी तळ्याकाठी चौथरा उभा राहिला. त्यावर पाटी होती : 'याच ठिकाणी थोरल्या महाराजांनी चिखलात रुतलेल्या रेड्याला शेपटी धरून वाचवले.' शेपटी तेवढी खरी होती. वर सिमेंटचे एक कासव बसवले होते आणि त्याच्याखाली लिहिले होते, 'प्रत्यक्ष साक्षीदार'.

खरे कासव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "उलटं आहे हो ते." आईबापांनी तक्रार केली, की यामुळे मुलांचा गोंधळ होतो. परीक्षेत काय लिहायचे त्यांनी?

कोल्हा कासवाला एका शब्दाने बोलला नाही. त्याने फक्त फाटकावर नवी पाटी लावली : 'सायंकाळी सहानंतर आत कोणीही थांबू नये.'

"अहो, पण मी इथं राहतो," कासव म्हणाले.

"बाग राहणाऱ्यांसाठी नसते, आजोबा. बघणाऱ्यांसाठी असते," पहारेकरी रानडुक्कर म्हणाले. त्याच्या गळ्यात शिट्टी होती. "सकाळी या की खुशाल. फाटक सगळ्यांना उघडं आहे."

मग रोज सकाळी फाटक उघडले की कासव तळ्याकडे निघे. वाटेत कुठेही थांबत नसे. संध्याकाळी सहाला काठावर पोचे. पाण्यात एक पाय टाकते न टाकते तोच शिट्टी वाजे, आणि रानडुक्कर त्याला उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवी. महिन्याभरात कासवाची पाठ वाळून तडकली. मला हे सांगतानाही राग येतो. पण गोष्ट सांगणाऱ्याने रागावायचे नसते म्हणे.

एका रविवारी फोटो काढण्यासाठी एक हत्तीचे पिल्लू सिमेंटच्या कासवावर बसले. फोटो छान आला. कासवाचा भुगा झाला.

संध्याकाळी आपले कासव तिथे पोचले, तर चौथरा रिकामा. त्याने क्षणभर विचार केला. मग ते कसेबसे वर चढले, पाय आत घेतले, डोके आत घेतले. शिट्टी वाजली. रानडुक्कर आले, चौथऱ्याकडे बघून म्हणाले, "दुरुस्ती झाली वाटतं," आणि निघून गेले.

त्या रात्री कासव मनसोक्त पाण्यात डुंबले. फाटक उघडण्याआधी पुन्हा चौथऱ्यावर जाऊन बसले. समितीने 'कासवावर बसू नये' अशी पाटीही लावून दिली. सगळे सुरळीत चालले होते.

मग एक दिवस एक म्हातारी म्हैस नातवाला घेऊन बाग बघायला आली. रेडकू नुकतेच वाचायला शिकले होते. त्याने चौथऱ्यावरची पाटी मोठ्याने वाचली.

"खोटं आहे ते," म्हैस म्हणाली. "माझ्या बापानं वाचवलं त्यांना. बिनशेपटीचा मेला तो. पाठीवर माशा बसल्या तर हाकता यायच्या नाहीत त्याला. मी शेजारी उभी राहून हाकायचे."

"मग पाटीवर असं का लिहिलंय?"

"कुणास ठाऊक. या तळ्यात एक कासव असायचं. त्यानं बघितलं होतं सगळं. ते असतं तर तुला सांगितलं असतं."

काही सांगेल म्हणून रेडकू चौथऱ्यावरच्या कासवाकडे बघत राहिले. रानडुक्कर शेजारीच उभे होते. सहाला पाच मिनिटे होती.

कवचातून तोंड जरासे पुढे आले. खालून पाण्याचा वास आला. तोंड परत आत गेले.

"आजी, हे कासव रडतंय!"

"नळ गळतोय," रानडुक्कर म्हणाले. "दुरुस्तीला सांगितलंय."

शिट्टी वाजली. म्हैस फाटकाकडे वळली. रेडकू तिला चिकटून चालले होते आणि आपल्या इवल्याशा शेपटीने तिच्या अंगावरच्या माशा हाकत होते.

तात्पर्य : हळू का होईना, पण चालत राहणारे कासव शेवटी जिंकते, हे मुलांनो, अगदी खरे आहे. फक्त त्याला आपल्या घरात राहायचे असेल, तर त्याने चालू नये आणि बोलू तर मुळीच नये.