दामूअण्णा साळिंदराचा सनमायका

एका जंगलात व्हिडिओ गेमचं एक खोकं होतं.

हसू नका. जंगलात वीज कुठून आली, असंही विचारू नका. गोष्टीत वीज असते आणि ती जात नाही. तुमच्या गावात जाते, त्याला मी काय करू?

तर बाळांनो, हे खोकं होतं दामूअण्णा साळिंदराचं. कपाटाएवढं उंच. समोर काच, काचेखाली एक दांडी आणि सहा बटणं. काचेत एक खेकडा असायचा. दांडी हलवून त्याला धबधबा चढवायचा. वरून दगड पडायचे. एवढाच खेळ. पण दरवर्षी वाघोबाच्या जत्रेत हे खोकं उंबराखाली उभं राहिलं, की पिल्लांची रांग पार ओढ्यापर्यंत जायची. अस्वलाचं पिल्लू, त्यामागे भेकराचं, त्यामागे कोल्ह्याचं. त्या दिवशी कोणी कोणाला खात नसे. नंबर गेला असता ना!

खोक्यात एक यादी होती. सगळ्यात जास्त गुण ज्याचे, त्याचं नाव सगळ्यात वर. बारा वर्षं तिथे एकच नाव होतं : दामू. अण्णांनी एकदा खेळताना खोक्याकडे पाठ केली होती आणि काट्यांनी सहाही बटणं एकदम दाबली होती. खेकडा जो उडाला, तो थेट धबधब्याच्या माथ्यावर. विक्रम झाला की खोकं एक खास धून वाजवायचं. टुडुंग टुडुंग टुंईई. जंगलाने ती धून त्या एकाच दिवशी ऐकली. अण्णा मात्र रोज आंघोळीला गुणगुणायचे.

एके दिवशी अण्णांनी खोक्याला टेकून जांभई दिली. खोक्याची उजवी बाजू चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी खाली आली.

वाळवी! खोकं होतं भुशाच्या बोर्डाचं, आणि वाळवीने ते आतून फराळासारखं फस्त केलं होतं. काच, दांडी आणि बटणं मात्र एका जुन्या फळीवर बसवलेली होती. ती ठणठणीत. खेकडा अजून चढतच होता.

"अहो, चार खांब ठोका आणि वर ही फळी बसवा," द्वारकाकाकू म्हणाल्या. या अण्णांच्या सौभाग्यवती. "पिल्लांना खेकडा हवाय. खोकं कोणाला हवंय?"

"असं उघडंबोडकं उभं करू? लोक काय म्हणतील?"

"लोक कुठले इथे? जनावरं आहेत सगळी."

"तीच जास्त बोलतात."

तेवढ्यात जत्रेचे पंच नाना गवा आले. त्यांनी पडलेल्या बाजूचा वास घेतला आणि मान हलवली.

"अण्णा, जत्रेला दीड महिना राहिलाय. तोवर खोकं उभं राहिलं तर उंबराखालची जागा तुमची. नाही तर तिथे तरसाचा पाळणा लागेल. तो आत्तापासून हसतोय."

"तो नेहमीच हसतो."

"हो, पण यंदा त्याला कारण आहे."

अण्णांच्या अंगावर काटा आला. म्हणजे होता तोच, पण उभा राहिला. त्या एका दिवसाच्या रांगेसाठी ते वर्षभर जगायचे. उंबर गेला, की उरलं काय? कंदमुळं.

अण्णांनी लगेच टोकेकर मिस्त्रींना बोलावलं. हे सुतारपक्षी. नावातच सुतार आहे म्हटल्यावर सुतारकाम येतच असणार, असं सगळं जंगल धरून चालायचं. मिस्त्रींना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांना एकच काम यायचं : भोकं पाडणं. ते मात्र असं पाडत, की बघत राहावं. गोल, गुळगुळीत, एका मापाचं.

"लाकूड कुठलं घ्यायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"मरीन प्लाय घ्या," नाना गवा म्हणाले. पंचांना सगळ्यातलं कळतं. "महिनाभर पाण्यात बुडवून ठेवा, फुगणार नाही."

"पण खोकं पाण्यात कशाला ठेवायचंय?" काकूंनी विचारलं.

"ठेवायचं नाहीये हो वहिनी. पण बुडालंच तर?"

मरीन प्लाय ठरला. तो शहरातून यायचा होता. शहरात तो कसला बनतो, ठाऊक आहे? याच जंगलातून गेलेल्या झाडांचा. पण गेलेल्या झाडाबद्दल कोणी बोलत नाही. आलेल्या प्लायबद्दल सगळे बोलतात.

आता प्रश्न आला वरच्या सनमायक्याचा. त्यासाठी रंगनाथशेठ आले. शेठ म्हणजे सरडा.

"शेठ, शेडचं पुस्तक आणलंत का?"

"पुस्तक कशाला? मीच आहे की!" असं म्हणून शेठ दारातल्या सागाच्या बुंध्यावर जाऊन बसले. बघता बघता त्यांची पाठ सागासारखी झाली. रेषांसकट. "ही आमची शाही सागवान. मॅटमध्ये."

अण्णा हरखले. "हीच! ठरली!"

दुसऱ्या दिवशी शेठ अण्णांच्या ओट्यावर आले आणि शेवाळलेल्या दगडावर बसले. पाठ हिरवीगार.

"शेठ, काल तर सागवानी होती!"

"दारात वेगळी दिसते, ओट्यावरच्या उजेडात वेगळी दिसते. सनमायक्याचं असंच असतं, अण्णा."

तिसऱ्या दिवशी शेठ मातीवर बसले, शेड तांबडी झाली. चौथ्या दिवशी राखेत बसले. असे पंधरा दिवस गेले. काकूंनी चहा करणं सोडून दिलं. अण्णा स्वप्नातसुद्धा शेठना उचलून इथून तिथे ठेवायचे.

शेवटी शाही सागवानचा पत्रा प्रत्यक्ष आला. अण्णांनी तो दारातल्या सागाला लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"जुळत नाही, शेठ."

शेठनी एक डोळा पत्र्यावर ठेवला आणि एक झाडावर. "पत्रा बरोबर आहे. झाडाची शेड चुकलीय. काय आहे, झाडं आपोआप होतात. एकसारखी येत नाहीत."

"अहो," काकू म्हणाल्या, "याच सागाची फांदी वादळात पडलीय. त्याच लाकडाचं करा की खोकं."

"खरा साग?" अण्णांना हसू आवरेना. "तुला यातलं काही कळत नाही. खऱ्या सागाला सागवानी फिनिश नसतं!"

झालं. प्लाय आला. तो उंदरांनी दातांनी सरळ रेषेत कापला, टोकेकर मिस्त्री वर बसून "हां, हां, येऊ द्या" म्हणाले. सरस लावला, सनमायका बसला. चारी बाजूंनी, माथ्यावर, कडांनासुद्धा पट्टी.

"आतली फळी बदलायची का?" मिस्त्रींनी विचारलं. "जुनी आहे. करकर वाजते."

"राहू दे. आत कोण बघतंय?"

"आणि तळाला सनमायका?"

"तळ कोण बघतंय?"

मग मागून ती फळी आत सरकवली. खेकड्याची वायर तळातून बाहेर काढली. मागची बाजूही सनमायक्याने बंद केली. मिस्त्रींनी चोच पुसली. दीड महिना ते या घटकेची वाट पाहत होते.

"अण्णा, आता माझं काम. काचेसाठी एक मोठं भोक, दांडीसाठी एक, बटणांसाठी सहा."

अण्णांनी खोक्याकडे पाहिलं. कुठेही रेघ नाही, डाग नाही, चरा नाही. वरचं प्लॅस्टिक तसंच. शेड मॅट होती, पण प्लॅस्टिक इतकं चकचकत होतं, की मॅट कोणाला दिसत नव्हती.

"मिस्त्री, तुम्हाला मुलं किती?"

"चार."

"त्यांना भोकं पाडाल?"

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. "अण्णा, मला दुसरं काही येत नाही हो."

"मग जत्रा झाल्यावर बघू."

जत्रा आली. उंबराखाली खोकं उभं राहिलं. अण्णा हातात फडकं घेऊन शेजारी. ओढ्यापर्यंत रांग. सगळ्यात पुढे अस्वलाचं पिल्लू.

"अण्णा, दांडी कुठाय?"

"हात लावू नको!"

"मग खेळायचं कसं?"

"बघायचं."

पिल्लाने बघितलं. चकचकीत प्लॅस्टिकमध्ये एक अस्वल दिसलं. पिल्लाने जीभ काढली. त्या अस्वलानेही काढली. पिल्लू खो खो हसत मागे धावलं. "अरे, यंदा खेकडा नाहीये! यंदा अस्वल आहे!"

मागून कोल्ह्याचं पिल्लू ओरडलं, "चल रे, कोल्हा आहे!"

भांडणं झाली, पण रांग हलली नाही. संध्याकाळी नाना गवा आले. त्यांनी शिंगांना धक्का लागू न देता खोक्याला प्रदक्षिणा घातली.

"अण्णा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एकही बटण तुटलं नाही. असा खेळ पाहिजे! उंबर कायमचा तुमचा."

पलीकडे तरस हसायचा थांबला. जन्मात पहिल्यांदा.

माणसं, म्हणजे जनावरं, पांगली. अण्णा समाधानाने फडकं फिरवू लागले. आणि आतून आवाज आला.

टुडुंग टुडुंग टुंईई.

फडकं जागच्या जागी थांबलं.

"अहो," काकू म्हणाल्या, "ही तर तुमची आंघोळीची धून."

"विक्रमाची," अण्णा हळूच म्हणाले. "माझा मोडला. पण आत कोणीच नाही."

त्यांनी खोक्याला कान लावला. आत करकर, करकर चाललं होतं. जुन्या फळीतली वाळवी. हजारोंनी. खोकं बंद झाल्यापासून अंधारात दुसरा उद्योग नव्हता बिचारीला, सहा बटणांवर रात्रंदिवस सराव चालला होता. बारा वर्षांनी यादीत सगळ्यात वर नवं नाव लागलं होतं, आणि ते नाव बघायला जंगलात कुठेही फट नव्हती.

उंबराच्या फांदीवरून मिस्त्री वाकले. "अण्णा, पाडू का एक? अगदी बारीक. नाव तरी वाचता येईल. आतली करकर कसली, तेही दिसेल."

अण्णांनी हात वर केला. हो म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर खोक्यावर गेली. कान टेकला होता तिथे प्लॅस्टिकवर तेलकट डाग उठला होता.

त्यांनी डागावर हाः केलं. फडक्याने गोल गोल पुसलं. मग एक पाऊल मागे येऊन, मान तिरकी करून पाहिलं.

"राहू द्या, मिस्त्री," ते म्हणाले. "आत कोण बघतंय?"

तात्पर्य : शहाण्याने आत पाहू नये. पाहायचं तर भोक पाडावं लागतं, आणि भोकाने शेड बिघडते. बाळांनो, तुमच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरची पिशवी अजून तशीच आहे ना? शाब्बास. बटणं दाबली जात नसली तरी काढू नका.