धनाची पोझिशन

माझा मेव्हणा धनाजी आमच्याकडे जेवायला बसत नाही, पोझिशन घेतो. तव्यावरची पहिली भाकरी कुणाच्या ताटात पडणार हे त्याला आधीच कळतं. आजवर ती माझ्या ताटात पडलेली नाही.

धना धंदेवाईक फुटबॉलपटू. स्ट्रायकर, म्हणजे गोल करणं एवढंच काम. वय चौतीस. दरवर्षी नवा क्लब. एका साली गोवा, मग बंगाल, मग केरळ, मग पुन्हा गोवा. आईवडील गेले, आष्ट्याचं घर भाड्यानं दिलं, त्यामुळं हंगाम संपला की मुक्काम तासगावला, आमच्या घरी. पहाटे पाचला आमच्या डोक्यावर गच्चीत पळतो. मी बेदाण्याच्या शेडपुढं ट्रॅक्टर लावला की येतो. “दाजी, लय चिकटून लावलाय. स्पेस सोडा.” एसटीला गर्दी असली की माझ्या कानाशी लागतो. “डावीकडनं घुसा दाजी, कंडक्टर तिकडं बगतोय.” घुसतो मी, शिव्या खातो मी, आणि हा आधीच आत खिडकीशी बसलेला.

किती गोल झाले विचारलं की ठरलेलं उत्तर. “गोल न्हाई झाला, पण पोझिशन चांगली व्हती.”

मागच्या उन्हाळ्यात मेढ्याला त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील एसटीतून निवृत्त झालेले.

“काय करता?”

“स्ट्रायकर हाय.”

म्हातारा खुर्ची ओढून जवळ आला. “आमीबी केलाय की स्ट्राइक. तुमचा कवापतूर चालणार?”

“मार्चपतूर करार हाय,” धना म्हणाला.

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तोवर दुसऱ्यांदा आणलेले पोहे आत परत गेले होते. परत येताना गाडीत म्हणतो, “पोझिशन चांगली व्हती, दाजी.”

यंदा बेदाण्याच्या कामानं मला मडगावला जायचं होतं. बायको म्हणाली, “त्या दिवशी धनाची मॅच हाय तितं. बारा वर्सं खेळतोय, आपण कवा गेलोय का? एकदा जावा.” तिचे गुडघे दुखतात, नाहीतर तीच निघाली असती. मी कुरकुरत गेलो.

फाटकावर नाव सांगितलं, तर संघाचा मॅनेजर स्वतः बाहेर आला. “आप दाजी हैं?” मराठीचं अक्षर न येणाऱ्या माणसाच्या तोंडून ‘दाजी’ ऐकून मी गडबडलो. त्यानं मला पुढच्या रांगेत नेलं. तिथं दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. हिंदीत सांगायला लागला, की प्रत्येक खेळाडूला घरच्यांसाठी दोन पास मिळतात. बाकीचे धनाचे पास मागतात, पण तो कुणाला देत नाही. आक्का-दाजी येतील म्हणतो. मागं या क्लबात होता तेव्हाही हेच.

धना राखीव खेळाडूंत बसला होता. सामना संपत आल्यावर त्याला उठवलं. रेषेवर उभं राहून त्यानं आधी आमच्या रांगेकडं बघितलं. मी हात वर केला. त्यानं केला नाही. पंचानं बोलावेपर्यंत नुसता बघत राहिला. मग चेंडू त्याच्याकडं एकदाच आला आणि त्यानं तो गोलाच्या वरून मारला.

मी तिथूनच बायकोला फोन लावला.

“जिंकले का?” तिनं विचारलं.

“ते ऱ्हाऊ दे. पुढच्या मॅचला गाडी करू,” म्हटलं. “तुझी खुर्ची हाय हितं.”